‘साधारण इथे’ मोजलेलं जंगल

झाडं वाढली असं कोणी सांगितलं की मी आधी विचारते, मोजली कोणी? उंच माणसाने की बुटक्या?

लोकांना वाटतं म्हातारी चळली. आमच्या मुलुंडच्या सोसायटीच्या सेक्रेटरीने मागे मला गच्चीवर नेऊन कौतुकाने दाखवलं, बघा मॅडम, आपला परिसर किती हिरवा झालाय. मी म्हटलं, गच्चीवरून सगळंच हिरवं दिसतं, खाली उतरून खोडं मोजा. तेव्हापासून लिफ्टमध्ये मी भेटले की तो मोबाइलमध्ये डोकं घालतो. घरात नातीची उंची दाराच्या चौकटीवर पेन्सिलने मांडतात. तिथेही मी आधी तिच्या पायांकडे बघते. मागच्या खेपेला टाचा उचललेल्या होत्या.

"आजी, तू कोणावरच विश्वास ठेवत नाहीस का गं?"

"ठेवते की. मोजून झाल्यावर."

हा स्वभाव जन्मापासूनचा नाही, धंद्याने लावलेला आहे. माझं नोकरीतलं सगळं आयुष्य झाडांना टेप गुंडाळण्यात गेलं. माझी सख्खी बहीण अजून लोकांना सांगते की आमची कुंदा झाडांच्या डॉक्टरकडे कामाला होती. तेव्हा आधी धंदा काय तो सांगते.

झाड हवेतला कार्बन घेतं आणि लाकडात साठवून ठेवतं. किती साठवला हे झाड न तोडता जाणायचं, तर खोडाचा घेर मोजायचा. घेरावरून वजनाचा अंदाज निघतो आणि कोरड्या वजनातला साधारण निम्मा भाग कार्बन धरतात. झाड तोडून जाळलं, खाडीतली तिवरं उपटून खालचा काळा चिखल उघडा टाकला, की हा साठा पुन्हा हवेत. म्हणून हवामानाच्या धोरणात फक्त धुराड्यांचा हिशेब ठेवून भागत नाही, जमीन कोणत्या कामाला लावली याचाही ठेवावा लागतो. त्यासाठी जगातल्या सगळ्या जमिनीचे सहा प्रकार ठरवलेत: वन, शेती, गवताळ, पाणथळ, वस्ती आणि इतर. जमीन एका प्रकारातून दुसऱ्यात गेली की हिशेब बदलतो.

यातला ‘इतर’ लक्षात ठेवा. इतर म्हणजे खडक, वाळू, उघडंबोडकं रान. खरं तर आपल्याकडे ‘इतर’ फार थोडं आहे. पण ज्याला उन्हात जाऊन बघायचा कंटाळा, त्याच्या नकाशात ते भरपूर सापडतं.

आता मी स्वतः किती शहाणी होते ते ऐका.

वय बाविसाच्या आसपास. वडील परभणीकडून येऊन विक्रोळीच्या एका कारखान्यात लागलेले, आणि त्यांची मुलगी वनस्पतिशास्त्र घेऊन विद्यापीठात दुसरी आलेली. त्यामुळे चाळीतल्या लोकांशी मी जवळपास लॅटिनमध्येच बोलायचे. शेजारच्या मावशींनी अळू निवडायला बोलावलं तर मी त्याचं कूळ सांगून यायचे, निवडायला हात लावत नसे. उंची पाच फुटांना चार बोटं कमी, आणि ती भरून काढायला मान कायम वर. अशी ही विदुषी एका संस्थेत जंगल मोजायच्या कामाला लागली. तेव्हा कार्बनचं नाव कोणी काढत नसे, लाकूड किती वाढलं एवढंच बघायचे. काम तेच. बोरिवलीकडच्या डोंगरात रानाचे काही तुकडे आखून ठेवलेले होते. दर दोन-तीन वर्षांनी त्यातली तीच झाडं पुन्हा मोजायची.

घेर छातीच्या उंचीवर मोजायचा असा जगभरचा नियम आहे. छाती कोणाची, हा वाद नको म्हणून आमच्याकडे उंचीही ठरलेली, साडेचार फूट. हे सगळं मला पहिल्याच दिवशी सांगायचं होतं. पण आमचे साहेब फार सज्जन, आणि त्यांच्या हाताखाली पहिल्यांदाच एक मुलगी आलेली. छाती हा शब्द त्यांच्या तोंडून निघेना. ते खोडाकडे तोंड करून, हात हवेत हलवत म्हणाले, "घेर घ्यायचा तो... साधारण इथे. समजलं ना?"

त्यांचा हात टायच्या गाठीपासून पट्ट्यापर्यंत कुठेही होता. मी मान डोलावली. कळलं काहीच नव्हतं, पण विचारलं तर अडाणी दिसेन. मग माझा जोडीदार साठे याला बाजूला घेऊन विचारलं. साठे सहा फुटी आणि साहेबांपेक्षा जास्त लाजरा. त्याने कानापर्यंत लाल होत शर्टाच्या खिशाला बोट लावलं. "हे बघा, इथे."

मी घरी येऊन विचार केला. साठेचा खिसा म्हणजे मी ओढणी जिथे पिन करते ती जागा. झालं. दुसऱ्या दिवसापासून मी ओढणीच्या पिनेच्या उंचीवर जंगल मोजू लागले.

खोड खाली जाड असतं, वर निमुळतं होत जातं. साठेचा खिसा आणि माझी पिन यांच्यात चांगलं फूटभराचं अंतर. माझ्या आधीची मोजणी साठेने केली होती. त्यानंतरची मी केली. आणि काय सांगू, जंगल भलतंच फोफावलेलं निघालं. साहेबांनी सगळ्यांना बटाटेवडे मागवले. एका बैठकीत मला बोलायला लावलं. मी कोरी नारायणपेठी नेसून ‘संवर्धनाला आलेली फळं’ या विषयावर बोलले. फळं मीच आणली असा माझा एकंदर आव होता.

पुढची मोजणी पुन्हा साठेकडे गेली. जंगल बारीक झालं.

या वेळी वडे आले नाहीत, चौकशी आली. झाडं चोरली गेली का, रोग पडला का, पाण्याची पातळी खाली गेली का. माती तपासायला पाठवली. तिथल्या दगडू नावाच्या राखणदाराला चार वेळा बोलावून तेच तेच विचारलं आणि शेवटी त्याची बदली झाली. मीसुद्धा साहेबांना गंभीरपणे म्हटलं होतं, "सर, मला त्याचा पहिल्यापासून संशय होता." नव्हता. पण तेव्हा मला वाटायचं, संशय घेतला की माणूस अनुभवी दिसतो.

उलगडा एका फोटोने केला. चौकशीच्या अहवालात लावायला छायाचित्रकार आला होता. त्याने मला आणि साठेला एकाच सागाला आपापली टेप गुंडाळायला लावली. फोटो धुऊन आला तेव्हा त्या सागाला दोन कमरपट्टे होते, एक तळमजल्यावर, एक माडीवर. साहेबांनी फोटो बघितला, मग साठेकडे, मग माझ्याकडे, आणि आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने म्हणाले, "छाती. छातीच्या उंचीवर. साडेचार फूट." मग रुमालाने तोंड पुसलं.

त्या दिवशी मी बांबूची काठी आणून तिच्यावर साडेचार फुटांवर लाल नेलपॉलिशचा पट्टा ओढला. पुढे ती काठी खोडाशी टेकवल्याशिवाय मी एक झाड मोजलं नाही. दगडूची बदली मात्र कोणी परत केली नाही. मी अर्ज केला, साठेने केला. तोवर त्याच्या जागी दुसरा माणूस लागला होता.

पण मला त्या प्रकारातली खरी गोम कळायला फार वर्षं लागली. चूक दोन्ही वेळा तीच होती. जंगल घटलं तेव्हा चौकशी बसली, वाढलं तेव्हा वडे आले. वाढलेलं जंगल परत मोजायला कोणी जात नाही. हे एक वाक्य सोडलं, तर इतक्या वर्षांत मी दुसरं काही शिकले असं मला वाटत नाही.

निवृत्तीनंतर काठी माळ्यावर जाणार होती. पण तोवर जग कार्बन-कार्बन करू लागलं. कंपन्या म्हणू लागल्या, आमच्या धुराड्यातून निघतं ते निघू दे, आम्ही दुसरीकडे झाडं लावतो, फिट्टंफाट. ते खरं आहे का हे तपासणाऱ्या संस्था निघाल्या. त्यांना टेप धरता येणारी माणसं हवी होती, म्हणून मला बोलावणी येऊ लागली. गिऱ्हाइकं एकेक. घाटकोपरच्या एका गृहस्थांनी विचारलं, चार गाड्यांसाठी तुळशी किती लावू? मी म्हटलं, तुळशी लावा आणि गाड्या विका, म्हणजे तुळशीला आणि तुम्हाला, दोघांनाही चांगली हवा लागेल. त्यांनी पुन्हा फोन केला नाही.

यातच ती फरश्या बनवणारी कंपनी आली. तिचं नाव घेत नाही, आमच्या घरात तिला ‘भट्टी’ म्हणतात. भट्टीने बोरिवलीच्या डोंगराकडेला, नॅशनल पार्काच्या कुंपणाबाहेर, एका ट्रस्टच्या जमिनीवर काही वर्षांपूर्वी झाडं लावली होती. एक उतार लावून झाला होता. शेजारचा दुसरा उतार पावसाळ्याआधी खड्डे खणून लावायचा होता. अट एवढीच की पहिल्या उतारावरची झाडं कागदावर आहेत तशी वाढली आहेत, आणि दुसरा उतार खरोखर ओसाड आहे, अशी पडताळणीवाल्याची सही हवी. सही माझी. पडताळणीवाल्या संस्थेला नेमलं कोणी, तर भट्टीने. ज्याची परीक्षा त्यानेच परीक्षकाला चहा पाजायचा. मी चहा घेतला नाही. घरून थर्मास नेला.

मुलुंडमध्ये मी डोंगराच्या या अंगाला, बोरिवली त्या अंगाला. बिबट्या मधून सरळ जातो, मी ठाण्यावरून घोडबंदरचा वळसा घालून गेले. तिथे निखिल उभा होता, मोजणीचं काम बघणारा कंपनीचा माणूस. तिशीचा, उंचपुरा, नम्र. त्याने गाडीचं दार उघडून धरलं तेव्हाच मला संशय आला.

"मॅडम, फक्त फॉर्मॅलिटी आहे. झाडं झकास आलीत. तुम्ही एक राउंड मारा, सही करा, मी घरी सोडतो."

"दुसरा उतार आधी बघू," मी म्हटलं.

त्याने टॅबवर उपग्रहाचं चित्र दाखवलं. एप्रिलचं. उतार तपकिरी, मध्ये काळे डाग. खाली लिहिलेलं: जळालेली, निकृष्ट जमीन. प्रकार: इतर.

आम्ही चालत तिथे गेलो. काळ्या डागाच्या मधोमध एक बाई उकिडवी बसून काटकीने राख सारखी करत होती. माझ्याच वयाची. मागे तिच्या पाड्यातली घरं दिसत होती. तिचं नाव पार्वती. तिने निखिलकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, काठीकडे बघितलं.

"ही नवी कोण आणलीस?"

"मोठ्या मॅडम आहेत. जमीन तपासायला आल्यात."

"तपास." ती मला म्हणाली. "आधीचे पण तपासूनच गेले. मग कंपनीच्या पाट्या ठोकल्या. खड्डे कधी खणणार तेवढं सांग. राब केलाय, भात टाकायचाय."

कोकणात राहिलेल्याला राब सांगायला नको. ज्या तुकड्यात भाताची रोपं करायची त्यावर पालापाचोळा, काटक्या, शेण पसरून पावसाआधी जाळतात. उपग्रहाला वरून दिसला तो हा काळा डाग. उरलेल्या उतारावर ती पावसाळ्यात खाली तीच रोपं लावायची, वर काकडी, दोडकी, भेंडी आणि थोडी नाचणी करायची, काकडी-दोडकी बोरिवलीला बाजारात बसून विकायची, मागाहून वाल टाकायची. उन्हाळ्यात तिथे काहीच नसायचं, आणि चित्र काढलं होतं उन्हाळ्यात.

निखिल हळूच म्हणाला, "मॅडम, दर वर्षी जाळतात. ते पण एमिशनच आहे ना."

मी मान वळवून बघितलं. पार्वतीच्या राबातून धुराची एक दोरी निघत होती. भट्टीची धुराडी इथून दिसत नाहीत, म्हणून बरं.

पण मी लगेच तिच्या बाजूने झाले असं समजू नका. मला तिचाही संशय होता. लागवड येणार अशी कुणकुण लागली की लोक घाईघाईने कुंपण घालून, इथे आमची शेती होती, असं म्हणतात. मी असे प्रकार बघितले आहेत. पार्वतीचं कुंपण नवं होतं. म्हणून मी बांधाचे दगड उलटून बघू लागले, खालची माती किती बसली आहे ते बघू लागले.

"काय शोधतेस गं?" ती मागे येऊन उभी राहिली.

"कुंपण नवं दिसतं."

"रानडुकरं कुंपणाचं वय विचारत नाहीत. दर वर्षी मोडतात, दर वर्षी घालते." मग तिने काठीकडे हनुवटीने खूण केली. "ही साप मारायला आणलीस, का मला?"

बांध जुना होता. दगडांच्या सांध्यांतून उंबराची मुळं शिरून पार खाली गेली होती, ती एका वर्षात जात नाहीत. तिच्या सासूच्या आधीपासूनची ही शेती होती. जमीन कागदोपत्री ट्रस्टची, पण पोट यांचं तिथे होतं. मी सही केली तर पावसाआधी तिथे खड्डे पडणार आणि पार्वतीच्या भाताला, काकडीला जागा उरणार नव्हती. हे तिला माहीत होतं, मला माहीत होतं. निखिललाही माहीत असावं, कारण तो तेवढा वेळ टॅब पुसत होता.

"तुमच्या यादीत ही ‘इतर’ कशी?" मी विचारलं.

"मॅडम, इमेजमध्ये जे दिसतं तेच टाकलं. झाडंच लावतोय ना आपण, बॉम्ब नाही."

म्हटलं, बरं. पहिला उतार बघू.

पहिल्या उतारावरची झाडं खरंच बरी होती. पण आकडे त्याहून बरे होते. दोन मोजण्यांमध्ये खोडं अशी सुटली होती, जसं एखादीला लग्नानंतर सासरचं तूप मानवावं. मला वाटलं, चला, लबाडी सापडली. आकडे बसल्या जागी भरले असणार. मी निखिलला आडून विचारलं, सरळ विचारलं, शेवटी आवाज चढवून विचारलं. तो बिचारा रडकुंडीला आला.

"आईशप्पथ मॅडम, एकेक झाड मोजलंय. पहिली मोजणी मी स्वतः केली. दुसरी स्वप्नालीने. तिला विचारा."

स्वप्नाली तिथेच होती, टोपी घालून, बाटलीतलं पाणी पीत. नुकतीच एम.एस्सी. झालेली चुणचुणीत मुलगी. ती उठून उभी राहिली आणि मी बघतच राहिले. पाच फुटांना चार बोटं कमी.

"ये गं इकडे," मी म्हटलं. "घेर कुठे घेतेस?"

"डीबीएचला, मॅम."

"ते कुठे असतं?"

"ॲपमध्ये डीबीएचचा बॉक्स आहे ना, त्यात."

"झाडावर कुठे?"

तिने निखिलकडे बघितलं. निखिलने झाडाकडे. "आपलं... इथे," तो म्हणाला, आणि त्याचा हात हवेत हलला.

मला हसू आवरेना. जग बदललं, टायची जागा टॅबने घेतली, छाती म्हणायला कोणी लाजत नाही, कारण त्याचं आता इंग्रजीत तीन अक्षरांचं लघुरूप झालंय आणि त्या अक्षरांच्या पोटात काय आहे हे विचारायचं कोणाला सुचत नाही. मी तिघांनाही एका ऐनाच्या झाडाशी उभं राहायला लावलं, म्हणजे त्या दोघांना आणि मला. म्हटलं, जसं रोज मोजता तसा हात ठेवा. निखिल उताराच्या वरच्या अंगाला उभा राहिला, त्याची तशीच सवय. स्वप्नाली खालच्या अंगाला, कारण वर काटे होते. उतारावर नियम असा की नेहमी वरच्या अंगाला उभं राहून मोजायचं. खालून मोजलं की टेप आणखी खाली, बुंध्याकडे घसरते. निखिलचा हात वर माडीवर, स्वप्नालीचा खाली ओट्यावर. मी मध्ये काठी टेकवली. लाल पट्टा दोघांपासून लांब.

लबाडी नव्हतीच. आमचं जुनंच दुकान होतं, साठे आणि कुंदा, नवी पाटी लावून. पण लबाडी नाही हे बघून मला सुटल्यासारखं वाटलं, ते अर्धा मिनिटच.

निखिलला सगळं समजलं होतं. चांगला मुलगा, तोंड उतरलं त्याचं. मग तो म्हणाला, "मॅडम, रिपोर्ट वर गेलाय. आता मागे घेतला तर माझी वाट लागेल. एवढी सही करा, पुढच्या राउंडला आपण ॲडजस्ट करू."

"निखिल, आकडे कमी आले असते तर?"

"म्हणजे?"

"झाडं बारीक झाली असती, तर पुढच्या राउंडपर्यंत थांबला असतास का?"

त्याने टॅब काखेत घेतला. स्वप्नाली म्हणाली, "दुसऱ्या दिवशी परत मोजायला पाठवलं असतं, मॅम."

हाच माझा या धोरणांवरचा संशय आहे, एवढ्याने कोणाला राग आला तर येऊ दे. जमिनीचा हिशेब धरायलाच हवा असं मी मानते. तो धरला नाही तर तिवरं तोडणाऱ्याला, डोंगर खरवडणाऱ्याला सगळं फुकटात पडतं. पण भट्टीचा धूर आणि डोंगरावरची झाडं एकाच तराजूत समोरासमोर घातली की घोटाळा होतो. किती दगडी कोळसा जाळला हे भट्टीला नक्की माहीत असतं. झाड किती वाढलं हे कोण कुठे उभं होतं त्यावर ठरतं. धूर नक्की असतो, झाड बहुतेक असतं. आणि चुकायचंच असेल तर तराजू ज्याच्या दुकानात आहे त्याच्या बाजूने चुकतो. दोन्ही मोजा, पण दोन तराजूंत मोजा, एवढंच माझं म्हणणं. हे मी वरच्या बैठकांत सांगून बघितलं आहे. ऐकणारे सगळे छान मान डोलावतात. मान डोलावण्याचा अर्थ मला माहीत आहे.

तेव्हा मी सही केली नाही. म्हटलं, पहिला उतार पुन्हा मोजायचा, काठी लावून, वरच्या अंगाला उभं राहून, माझ्यासमोर. निखिल म्हणाला, करतो मॅडम, आठवड्यात उरकतो.

आठवड्यात उरकलं तर पंचाईत होती, हे माझ्या लक्षात आलं. पहिल्या उताराचे आकडे थोडे उतरले तरी पास होणार होते. मग दुसऱ्या उतारावर खड्डे खणायला पावसाआधी वेळ मिळाला असता. तो ‘इतर’ नाही, शेती आहे, हे मी म्हटलं तरी भट्टी म्हणणार, दाखवा शेती. आणि मे महिन्यात मी काय दाखवणार, राख?

मग माझे गुडघे दुखायला लागले.

खरं तर ते दुखतातच, पण इतके सोयीने कधी दुखले नव्हते. दोन रांगा झाल्या की मी दगडावर बसायचे. थर्मास उघडायचे. एका दिवशी चष्मा घरी राहिला, एका दिवशी ठाण्याला वाहतूक अडली. एका दिवशी मी एक झाड तीनदा मोजायला लावलं, कारण साल सुटली होती. निखिल घड्याळाकडे बघायचा, आभाळाकडे बघायचा. "मॅडम, तुम्ही घरी बसा ना, आम्ही फोटो पाठवतो." मी म्हणायचे, "छे रे, काम म्हणजे काम." पार्वती लांबून बघायची. पाचव्या-सहाव्या खेपेला ती पाणी घेऊन आली.

"तू एवढी कोसळलेली नाहीस," ती म्हणाली. "पहिल्या दिवशी माझे दगड उलटताना टुणटुण करत होतीस."

"बोलू नकोस," मी म्हटलं.

ती माझ्या शेजारी बसली. हसली नाही. "उशीर करून काय होईल? पुढच्या वर्षी येतील."

"पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी."

"तुला बरं आहे," ती म्हणाली. खरं होतं.

पाऊस आला आणि खड्ड्यांचा हंगाम गेला. पडताळणी करणाऱ्याला शंका असेल, तर जमीन दुसऱ्या हंगामात पुन्हा बघण्याची मागणी करता येते. मी ती लेखी केली. श्रावणात पुन्हा गेले, तेव्हा गुडघे एकदम बरे होते. उतारावर खालच्या अंगाला भात, बांधावर काकडीचे मांडव, वर नाचणी. निखिल छत्री धरून बराच वेळ बघत राहिला. मी प्रकार बदलला. ‘इतर’ खोडून ‘शेती’.

एका शब्दाने काय होतं ते सांगते. ओसाड जमिनीवर झाडं लावली तर सगळा नफा कंपनीचा. पण शेतावर झाडं लावायची तर विचारावं लागतं, हे शेत आता जाणार कुठे? माणसं उपाशी बसत नाहीत, ती दुसरीकडे कुठेतरी रान साफ करून पेरतात, आणि त्या तुटलेल्या रानाचा कार्बन कंपनीच्या फायद्यातून वजा होतो. पहिल्या उताराचे आकडे तोवर काठीने खाली आलेच होते. भट्टीने दुसरा उतार या वर्षी सोडून दिला. ‘या वर्षी’ हे त्यांच्या पत्रातले शब्द आहेत, माझे नाहीत. मला त्यांनी पुन्हा बोलावलेलं नाही. निखिलची नोकरी आहे, त्याने परवाच फोन करून सांगितलं. स्वप्नालीने स्वतःसाठी काठी केलीय म्हणे, घडीची, ॲल्युमिनियमची.

निघताना पार्वतीला सांगायला गेले. ती काकड्या तोडत होती.

"काय लिहिलंस माझ्या जमिनीचं?"

"शेती."

"म्हणजे माझी झाली?"

"नाही. माझ्या कागदात जमीन कशाला लावली एवढंच बसतं. कोणाची ते बसत नाही."

तिने दोन काकड्या माझ्या पिशवीत टाकल्या. मला वाटलं चिडेल. ती म्हणाली, "मग तुझा कागद पण अर्धाच." आणि पुन्हा तोडायला लागली.

चाळीस वर्षं मी अर्ध्या कागदावर सह्या केल्या, हे कोणी इतक्या सरळपणे सांगितलं नव्हतं. मी काठी तिच्यापुढे धरली. "ही ठेव. पुढच्या वर्षी कोणी मोजायला आलं, तर म्हणावं, हिने मोजा."

"ते मला विचारणार आहेत होय?" तिने काठी उभी करून स्वतःशी लावून बघितली. पट्टा तिच्या खांद्यापाशी आला. "ही कोणाच्या उंचीची?"

"कोणाच्याच नाही. म्हणून तर बरी."

तिने काठी बांधाच्या कडेला ठोकली आणि जमिनीवर लोळणारा एक दोडक्याचा वेल उचलून तिच्यावर चढवला.

"अगं, ती मोजायची आहे."

"मोजायला कोणी आलं तर काढून देईन. तोवर नुसती उभी राहून काय करील?"

माझ्यासाठी मी लादी पुसायच्या दांड्यावर दुसरा पट्टा ओढलाय. पार्वतीच्या पुतण्याच्या मोबाइलवर अधूनमधून फोन करते. खड्डेवाले कोणी आले नाहीत, भात निसवलाय, लोंब्या आल्यात, असं ती सांगते. परवा म्हणाली, वेल तुझ्या लाल पट्ट्याच्या वर गेला.

मी विचारलं, "बघितलंस कुठून? वरच्या अंगाने की खालच्या?"

तिने फोन ठेवला. रविवारी जाऊन स्वतः बघणार आहे.